सतरा नंबरचा ताका

अंजनामावशी माझ्याशी पहिलं वाक्य बोलल्या ते माझ्या शर्टाबद्दल. "भाऊ, डाव्या खिशाखाली दोन तारा गेल्यात. दुकानदाराला परत दे."

शर्ट नवा होता, त्या दिवशी पहिल्यांदाच अंगात घातलेला. मी मान वाकवून पाहिलं. मला काही दिसलं नाही. घरी आल्यावर शर्ट खिडकीच्या उजेडात धरला, तेव्हा कळलं. विणीतल्या सुताच्या दोन तारा खरंच गेल्या होत्या.

मावशी बमरोलीतल्या एका लूमच्या, म्हणजे यंत्रमागांच्या कारखान्यात ग्रे चेकिंगला होत्या. लूमवरून उतरलेलं कोरं, न रंगवलेलं कापड एका तिरक्या टेबलावरून ओढत न्यायचं. टेबलाला काच, काचेखाली ट्यूबलाइट. जिथे दोष दिसेल तिथे काठाला निळ्या पेन्सिलीने खूण करायची. शंभर मीटरचा एक ताका. तो संपला की टोकावर न जाणाऱ्या शाईने चेकरने आपला नंबर घालायचा. मावशींचा नंबर सतरा. पुढे व्यापाऱ्याकडून माल परत आला, तर पहिल्यांदा टोकावरचा नंबर बघितला जाई. बाईचं नाव कुणी विचारत नसे. सतरा नंबर कधी परत आलेला नाही, असं कारखान्यातले लोक सांगत. त्या स्वतः सांगत नसत. कुणी त्यांच्यासमोर म्हटलंच तर म्हणत, "आजचा ताका अजून व्हायचाय."

राहायला गोडादऱ्यात, मूळच्या शिरपूरकडच्या. नवराही लूमवरच होता, तो तरुणपणी गेला. एक मुलगा. घरात अहिराणी, कारखान्यात गुजराती आणि हिंदी, माझ्याशी मात्र जपून मराठी. "तू बँकेतला. तुझ्याशी सरळ बोलावं लागतं," असं म्हणायच्या आणि चिडल्या की पुन्हा अहिराणीवर यायच्या.

कापड त्या तळहाताने कधी बघत नसत. हाताची मागची बाजू फिरवायच्या. तळहाताला घट्टे पडलेले असतात, तो खोटं सांगतो, असं त्यांचं म्हणणं. ही सवय टेबलापुरती राहिली नव्हती. भाकरी ताटात पडली की आधी उलटी करून बघायच्या. मुलासाठी मुलगी बघायला गेल्या तेव्हा चहा यायच्या आधी त्यांनी मुलीच्या साडीचा पदर उलटा करून पाहिला. ती मुलगी, आशा, आता त्यांची सून आहे आणि ही गोष्ट तीच सगळ्यांना सांगते. "आईंनी मला पास केलं. साडीला नाही केलं."

त्यांच्या खुणा दोन प्रकारच्या होत्या. साधा दोष असेल तर एक आडवी रेघ, आणि झाकलेला दोष असेल तर फुली. मी एकदा समोर असताना एका कारागिराचा ताका टेबलावर आला. एके ठिकाणी मावशी थांबल्या, खाली वाकल्या आणि त्यांनी कापडावर फुंकर मारली. पांढरी भुकटी उडाली आणि खालून तेलाचा डाग वर आला. त्याने डागावर अंगाची पावडर चोळली होती. मावशींनी त्याला खालून बोलावून घेतलं.

"तेल लागलं?"

"लग गया मौसी, क्या करूँ, नई मशीन है."

"लूम आहे, तेल लागणारच. मी काय बोलले असते? एक रेघ मारली असती. आता बघ." त्यांनी फुली मारली, तीही चांगली मोठी. "रेघ मशीनची. हाई फुली तुनी शे."

आता मी तिथे काय करत होतो ते सांगायला हवं.

मी बँकेत आहे. त्या काळी, म्हणजे अकरा वर्षांपूर्वी, चाळिशी ओलांडलेली होती आणि आमचा एक रॉक बँड होता. कॉलेजात सुरू झालेला आणि हट्टाने बंद न केलेला. पराग गिटार वाजवायचा आणि गायचा. जिग्नेश ड्रमवर. मी बेस गिटारवर. आमच्यात सगळ्यात कच्चा वाजवणारा मी. पराग अडाजणच्या एका पोराला दोनदा ऐकून आला होता, तो फार छान बेस वाजवतो असंही माझ्यासमोर सहज बोलून गेला होता. मी ऐकून घेतलं होतं. रेकॉर्डिंगचा कॉम्प्युटर आणि सगळ्या फाइली मात्र माझ्याकडे असत. बँकेतला माणूस, नीट ठेवेल, म्हणून.

बडोद्याची रेवा आणि तिचा नवरा केतन हे दोघं कलाकार होते. चित्रं काढणारे नव्हेत. ते आधी एक नियम ठरवत आणि मग तो नियम जे घडवेल तेच त्यांचं काम. आमच्याबरोबर त्यांनी एक अल्बम करायचं ठरवलं. नाव 'एक ताका'. नियम असा, की आम्ही पंचेचाळीस मिनिटं एका दमात वाजवायचं. मधे थांबायचं नाही, नंतर तोडायचं नाही, जोडायचं नाही. मग ते वाजवणं एका खऱ्या चेकरला ऐकवायचं. एका बाजूला स्पीकर, दुसऱ्या बाजूला टेबलावरून कोऱ्या कापडाचा शंभर मीटरचा ताका पंचेचाळीस मिनिटांत संपेल अशा वेगाने सरकत जाणार. चेकरला जिथे दोष ऐकू येईल तिथे तिने कापडावर खूण करायची. शेवटी पास करून आपला नंबर घालायचा. मग त्याच कापडाचे तुकडे कापून रेकॉर्डची पाकिटं शिवायची. कुणाच्या पाकिटावर खूण येईल, कुणाचं कोरं राहील.

तो बमरोलीचा कारखाना जिग्नेशच्या काकांचा. काका म्हणाले, "चेकर चाहिए तो सतरा नंबर."

मावशींना हे सगळं समजावून सांगितलं तेव्हा त्यांनी एकच प्रश्न विचारला. "नमुना कुठाय?"

"कसला नमुना?"

"ताक्याबरोबर नमुना येतो. जाळी डिझाइनची आहे की तुटून झाली आहे, ते नमुन्यावरून कळतं. तुमचं हे बिघडलंय की असंच आहे, मला काय ठाऊक?"

रेवाला हा प्रश्न इतका आवडला की तिने तो वहीत लिहून घेतला. आमच्याकडे नमुना नव्हता. तेव्हा मावशी म्हणाल्या, मग मला आधी तुमचं खूप ऐकायला लागेल. तीन सुट्ट्यांचे दिवस त्या कारखान्याच्या वरच्या रिकाम्या हॉलमध्ये येऊन बसल्या. लूम बंद असत, आम्ही सराव करत असू. त्या भिंतीला टेकून, पदर डोक्यावर घेऊन, डोळे मिटून ऐकायच्या. आवडतं का म्हणून परागने विचारलं.

"आवडायचं काय त्यात? मी कापड नेसायला थोडीच बघते?"

तिसऱ्या दिवशी मात्र त्यांनी परागला सांगितलं, की तू वरचा आवाज काढताना आधी पाय हलवतोस आणि मग उशीर करतोस.  पराग दोन दिवसांनी म्हणाला, बरोबर आहे.

मुख्य रेकॉर्डिंग चांगलं झालं. म्हणजे माझ्याशिवाय बाकीच्यांचं. मधल्या भागात, जिथे जिग्नेश आणि पराग अक्षरशः भांडल्यासारखे वाजवत होते, तिथे मी मोजणी चुकलो. कुठे आहोत ते कळेना. चुकीचा सूर लावण्यापेक्षा गप्प राहिलेलं बरं म्हणून मी तारांवर हात ठेवून उभा राहिलो. चाळीस सेकंद. त्या गोंगाटात कुणाच्या लक्षात आलं नाही. ते संपलं, सगळ्यांनी एकमेकांना मिठ्या मारल्या, मीही मारल्या.

दुसऱ्या दिवशी घरी ऐकलं. ती जागा पोकळ वाटत होती. मला अडाजणचा तो पोरगा आठवला. गिटारला नव्या तारा घातल्या, चाळीस सेकंदांचा बेस वाजवला आणि जागेवर बसवला. काम नीटच केलं होतं. परागने ऐकलं, जिग्नेशने ऐकलं, रेवा-केतनने कितीतरी वेळा ऐकलं. कुणालाच कळलं नाही.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी चेकिंग झालं. जिग्नेश हाताने रोलर फिरवत होता, मावशी टेबलाशी उभ्या, रेवाचा नवरा कॅमेरा घेऊन. मी कॉम्प्युटरपाशी. मावशी रेघा मारत होत्या. परागच्या दोन, जिग्नेशच्या तीन, एक कुठल्याशा दाराच्या आवाजाची. मग ती जागा आली. त्यांचा हात थांबला. त्यांनी मान जराशी कलती केली आणि कापडावर फुली मारली.

जिग्नेशने रोलर थांबवला. मी आवाज बंद केला.

"मासी, आ शुं छे?" रेवाने विचारलं.

"इथे दुसऱ्या लॉटचं सूत घातलंय," मावशी म्हणाल्या. "ह्याचं." आणि माझ्याकडे बघितलं. "इथून इथपर्यंत. मागून जोडलंय."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. आरोप म्हणून नव्हे, नुसतं कुतूहलाने. त्याच वेळी बोलायला हवं होतं. एक फुली, एवढंच झालं असतं. कदाचित रेवाला आनंदही झाला असता. मी म्हणालो, "नाही मावशी. जोड कुठला? एका दमातच वाजवलंय."

कारखान्यात पद्धत अशी, की चेकरने दोष काढला आणि कारागिराने नाही म्हटलं, तर ताका परत गुंडाळून त्याच जागेवरून पुन्हा चालवायचा. तसं केलं. त्यांनी पुन्हा तिथेच हात ठेवला. पुन्हा चालवलं. पुन्हा तिथेच.

"भाऊ," त्या म्हणाल्या, "मला नीट सांग. मी तुला बोल लावत नाही. नंबर माझा जाणार आहे म्हणून विचारते. जोड नाही?"

"नाही."

"शपथ घे."

मी गळ्याला हात लावून आईची शपथ घेतली. माझी आई तेव्हा जिवंत होती.

पराग हसून म्हणाला, "मावशी, हे म्युझिक आहे, कापड नाही. होतं असं." जिग्नेशही म्हणाला, "मासी, थाकी गया तमे." त्यांचाही दोष नाही. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला.

 मावशींनी पदराचं टोक ओलं करून फुली पुसली. निळा डाग थोडा पसरला. उरलेला ताका त्यांनी पूर्ण केला आणि टोकावर सतरा घातला. त्या दिवशी त्यांनी आणखी एकही रेघ मारली नाही. मला वाटतं, ऐकलंच नाही.

अल्बमचं बरं झालं. बडोद्यात त्याचं प्रदर्शन लागलं, मुंबई-पुण्याहून पत्रं आली. आम्हा सगळ्यांच्या आयुष्यात लोकांनी स्वतःहून विचारलेली तेवढी एकच गोष्ट. बँडमध्ये मी टिकलो.

चार-पाच महिन्यांनी जिग्नेश सहज बोलता बोलता म्हणाला, की मासीने टेबल सोडलं. आधी त्या स्वतःच पास केलेले ताके गाडीत चढण्याआधी परत मागवायला लागल्या होत्या. पुन्हा चालवून बघायच्या, काही निघत नसे. आणखी एकदा चालवायच्या. माल अडकायला लागला. मग एक दिवस काकांपुढे जाऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, मला जे नाही ते दिसतंय, माझा भरवसा राहिला नाही, मला फोल्डिंगला टाका. फोल्डिंग म्हणजे घड्या घालायच्या आणि थप्प्या लावायच्या. तिथे कुणाला नंबर नसतो.

"काकाए बहु समजाव्यां. न मान्यां," जिग्नेश म्हणाला.

मी म्हणालो, "वय झालं असेल." हे मी म्हणालो. त्यांचं वय तेव्हा पन्नासही नव्हतं.

त्यानंतर त्यांना मी दोनदा पाहिलं. एकदा पर्वत पाटियाला भाजी घेताना. चष्मा लागला होता. आशा बरोबर होती. मावशी वांग्यांना हात लावत नव्हत्या, आशाच निवडत होती. मी ओळख दाखवली. "बरा आहेस ना भाऊ," त्या म्हणाल्या, "तुमचं ते गाणं चाललं का?" मी म्हटलं, चाललं. दुसऱ्यांदा लांबूनच पाहिलं आणि मी रस्ता बदलला.

मागच्या महिन्यात रेवाचा फोन आला. 'एक ताका' पुन्हा मोठ्या प्रदर्शनात लागणार होता. ती उत्साहात होती. केतनने काढलेली फिल्म दाखवणार, त्यात पुसलेली फुलीही आहे. शेजारी भिंतीवर मजकूर. तिने मला वाचून दाखवला. जन्मभर दोष शोधणाऱ्या एका बाईला एकदा नसलेला दोष ऐकू आला, अशा अर्थाचा. "तेच तर त्यातलं सगळ्यात सुंदर आहे ना?" रेवा म्हणाली. "तू मासीची परवानगी घेऊन येशील? तुझी ओळख आहे."

मी रविवारी दुपारी गोडादऱ्याला गेलो.

आशाने दार उघडलं. मावशी पलंगावर बसल्या होत्या. समोर परातीत तांदूळ होते आणि ते आशा निवडत होती. मावशींनी हात मांडीवर ठेवले होते. मी बसलो. पाणी प्यायलो. मग सांगितलं. चाळीस सेकंद, दुसरा दिवस, घर, शपथ. मला वाटलं होतं त्यापेक्षा कमी वेळ लागला.

मावशींनी मधे एकदाही थांबवलं नाही. संपल्यावर विचारलं, "तारा त्याच होत्या?"

"नाही. नव्या घातल्या होत्या."

"म्हणजे लॉट दुसरा."

"हो."

त्यांनी चष्मा काढला आणि उशीवर ठेवला. "ह्याच्यासाठी मी कानवाल्या डॉक्टरकडे गेले. डोळेवाल्याकडे गेले. दोघंही म्हणाले, चांगलं आहे. मी म्हटलं, ह्यांनाच समजत नाही. शिबिरातून चष्मा आणला, उगाचच."

"मावशी, मला माफ—"

"ते नंतर बघू. आधी सांगून होऊ दे." त्यांनी परातीकडे तोंड वळवलं. "आशा, ते सोड. हाऊ भाऊ काय सांगस ते ऐक."

"ऐकलं ना आई, मी इथंच आहे."

"तुला सांगितलं नाही त्याने. मला सांगितलं. आता तुला सांगेल. सांग भाऊ."

मी आशाला पुन्हा सांगितलं. आशा खाली बघून ऐकत राहिली. मग तिने परात उचलून मावशींच्या मांडीवर ठेवली आणि आत गेली.

मावशींनी बसल्या जागेवरून हाक मारली. शेजारचे निंबाभाऊ आले. ते त्याच कारखान्यात लूम दुरुस्त करायचे, आता निवृत्त. मला तिसऱ्यांदा सांगावं लागलं. निंबाभाऊंनी मान डोलावली. "मी तवाच म्हटलं होतं वहिनी, तुमची चूक नसणार."

"तू काही म्हटलं नव्हतं. तू म्हटलं, आराम करा."

"तसं नाही..."

"आराम करा म्हटलं. बस तिथे."

मग मुलाला फोन. तो कामावर होता, मागे मशीनचा आवाज. मला ओरडून सांगावं लागलं. मी खोटं बोललो होतो, तुझी आई बरोबर होती. त्याला पहिल्यांदा कळलं नाही. "कोण बोलतंय? काय झालं आईला?" मावशी शेजारून म्हणाल्या, "मोठ्याने सांग." मी मोठ्याने सांगितलं. गल्लीतली दोन माणसं दारात येऊन उभी राहिली.

"आणि ती बडोद्याची? ती भिंतीवर लिहिणार आहे ती?"

"तिला मी सांगतो आज."

"आज कधी? फोन आहे ना हातात."

मी रेवाला फोन लावला आणि सगळ्यांसमोर सांगितलं.  ती म्हणाली, "पण म्हणजे हे तर आणखी इंटरेस्टिंग झालं. आपण हा तुझा कबुलीचा भाग रेकॉर्ड करून..."

मावशींनी माझ्या हातातून फोन घेतला. "बेन," त्या गुजरातीत म्हणाल्या, "पहेलां पेलुं लखेलुं काढी नाखो. पछी वात." आधी ते लिहिलेलं काढून टाका, बाकीचं नंतर. आणि फोन मला परत दिला. तो बंद कसा करतात ते त्यांना माहीत नव्हतं. रेवा अजून बोलत होती. मीच बंद केला.

चहा झाला नाही. मी उठलो तेव्हा मावशींनी थांब म्हटलं नाही आणि जा असंही म्हटलं नाही. त्या तांदळात बोटं घालून बसल्या होत्या. माफीचं मी पुन्हा काढलं नाही.

गल्लीच्या टोकापर्यंत आलो आणि मागे वळून पाहिलं. मावशी दाराबाहेर आल्या होत्या. पाण्याचा कॅन घेऊन चाललेल्या एका बाईला त्यांनी थांबवलं होतं. बाईने कॅन खाली ठेवला. मावशी तिला काहीतरी सांगत होत्या, मग त्यांनी हात लांब करून माझ्याकडे बोट दाखवलं. ती बाईही माझ्याकडे बघायला लागली.

मी तिथेच उभा राहिलो. त्यांनी बोलावलं असतं तर परत जाऊन तिलाही सांगायचं होतं.